आहेर कोणाच्या नावाने?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, तूर घरात आली आणि पऱ्हाटी उपटून वावर मोकळे झाले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लग्नाचे मांडव पडू लागतात. बौद्धांच्या घरी मुहूर्त पाहण्याचे कारण उरले नाही, त्यामुळे सवडीचा दिवस तोच चांगला दिवस. पण सवड सगळ्यांना एकाच वेळी मिळते. बुद्धपौर्णिमेच्या मागेपुढे दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी, वणी, कुठल्याही तालुक्यातल्या घरात जा, भिंतीवरच्या खिळ्याला पाच-सहा पत्रिका अडकवलेल्या दिसतील. घरची बाई त्या पत्रिका काढून चाळते आणि मनातल्या मनात आहेराची बेरीज करते.

मे महिन्यात दिलेला आहेर जूनमध्ये आठवतो. मृगाच्या तोंडावर बीटी कपाशीचे एक पाकीट आठ-नऊशे रुपयांना पडते. तीन-चार लग्नांचे आहेर म्हणजे एक पाकीट बियाणे. ज्यांना वावर नाही त्यांच्यासाठी एक आहेर म्हणजे निंदणाची एक दिवसाची रोजी, तीही उन्हात वाकून मिळवलेली. एवढ्या कष्टाच्या पैशाची भेट आपण घेतो तरी कशी? बस स्टँडसमोरच्या दुकानात शिरायचे, 'दोनशेपर्यंतचे काहीतरी दाखवा' म्हणायचे, दुकानदाराने चकचकीत कागदात गुंडाळून दिलेले काखेत मारायचे आणि गाडी पकडायची. आत नेमके काय आहे, हे कित्येकदा देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशी नव्या नवरीच्या घरी ते कागद फाडायला बसतात. भिंतीवरची घड्याळे सात. लेमन सेट चार. प्लास्टिकच्या फुलांच्या टोपल्या तीन. घर टिनाचे, खोल्या दोन, भिंत धड एक. सात घड्याळे लावून वेळ काही जास्त मिळत नाही. मग ती घड्याळे पुढच्या सात लग्नांत फिरतात आणि एखादे फिरत फिरत परत आपल्याच घरी येते. यात हसण्यासारखे आहे तसे रडण्यासारखेही आहे, कारण त्या प्रत्येक डब्यामागे कोणाचा तरी मजुरीचा एक दिवस गेलेला असतो.

आता थोडे नाजूक बोलू. आपल्या लग्नात सर्वांत जास्त येणारी भेट म्हणजे बाबासाहेबांची तसबीर आणि तथागतांची मूर्ती. देणाऱ्याच्या मनात काडीची खोट नसते. नव्या संसाराला बाबासाहेबांची सोबत असावी, एवढीच भावना. पण एका जोडप्याला नऊ तसबिरी आल्या तर आठांचे काय करायचे? टाकता येत नाहीत, दुसऱ्याला देताना हात धजत नाही. शेवटी त्या पेटीत लुगड्यांच्या खाली जातात. ज्यांच्यासमोर मेणबत्ती लावायची त्यांना पेटीत कोंडून ठेवण्यात आदर कुठला? आमचे स्पष्ट मत आहे की तसबीर एकाच घरातून यावी. मामा देणार की मोठा काका, हे आधी ठरवावे, ती चांगली मोठी, टिकाऊ चौकटीची घ्यावी आणि बाकीच्यांनी आपले प्रेम दुसऱ्या वाटेने दाखवावे.

ग्रंथांचेही तेच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक बौद्ध घरात असावा यात वाद नाही. परंतु चार प्रती एका घरात आणि शेजारच्या घरात एकही नाही, असे का व्हावे? शिवाय पुस्तक देताना वाचणारा कोण हे पाहिले पाहिजे. नवरी सातवीपर्यंत शिकलेली असेल तर तिला मोठ्या अक्षरांतले, छोट्या प्रकरणांचे चरित्र द्या. रमाईचे द्या, सावित्रीबाईंचे द्या. नवरा स्पर्धा परीक्षेला बसणारा असेल तर त्याला लागणारे पुस्तक विचारून घ्या. ते लग्नाच्या भेटीसारखे दिसणार नाही, पण उघडले जाईल.

पुस्तकाच्या भेटीचे मोल आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? मुंबईत शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेले असत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला हेरले, त्याची विचारपूस केली. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले त्याच्या मुळाशी अनेक गोष्टी आहेत, पण त्या पुस्तकाची आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. केळुसकरांनी काही भारी किमतीची वस्तू दिली नव्हती. हा मुलगा वाचणारा आहे, एवढे त्यांनी आधी पाहून ठेवले होते.

वही आणि माईक

मांडवाच्या दाराशी एक टेबल असते. टेबलामागे वही घेऊन बसलेला नात्यातला पोरगा, हल्ली वहीशेजारी मोबाईलचा क्यूआर कोडही असतो, आणि हाताशी माईक. 'अमुक गावचे अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये, तमुक यांच्याकडून पाचशे एक.' जेवणाच्या पंगतीपर्यंत आकडे ऐकू येतात. पाचशेवाल्याची मान ताठ होते. पण पदराच्या गाठीला वीस रुपये बांधून आलेली म्हातारी त्या टेबलापर्यंत जातच नाही. ती लांबूनच नवरीला पाहते आणि पंगतीत न बसता घरी जाते. ज्या धम्माने आपल्याला समतेचा मार्ग दाखविला, त्याच्या गाथा ज्या माईकवर म्हटल्या त्याच माईकवर ही वर्गवारी का? नाव पुकारायचेच असेल तर पुकारा. आकडा पुकारू नका.

आणि तो वरचा एक रुपया! शंभरावर एक, पाचशेवर एक. शकुन-अपशकुन मागे टाकून आलो असे आपण अभिमानाने सांगतो, आणि पाकिटाला चिकटवलेला एक रुपयाचा शिक्का मात्र अजून सुटत नाही. असो, एका रुपयाने कोणी बुडत नाही.

बुडवते ती वही. लग्न झाल्यावर वही पेटीत जाते आणि दुसऱ्याच्या घरी मांडव पडला की बाहेर येते. 'त्यांनी आपल्या पोरीले दोनशे देल्ले होते, आपण कमी कसे द्यायचे?' म्हणजे मिळालेला आहेर ही भेट राहिली नाही, ते उसनवार झाले. त्याला व्याजही लागते, कारण दहा वर्षांपूर्वीच्या शंभराला आज शंभर परत केले तर नाक मुरडतात. मग कोणी हातउसने घेतो, कोणी बचत गटातून उचल करतो, कोणी सावकाराच्या दारात जातो. पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराचे दार उघडायला आपल्या जिल्ह्यात कारणे कमी आहेत का, की आहेराची त्यात भर घालावी?

काही पत्रिकांवर हल्ली 'कृपया आहेर आणू नये' असे छापतात. ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी ते अवश्य छापावे, आणि छापल्यावर पाळावेही. परंतु मजुरी करणाऱ्या बापाला तसे सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात गावाने दिलेले शंभर-शंभर रुपये मांडववाल्याचे आणि किराणावाल्याचे देणे फेडायला उपयोगी पडतात. रोख देणे हलके आणि वस्तू देणे भारी, असे मुळीच नाही. नवे जोडपे कुठे राहणार, काय करणार याचा तुम्हाला पत्ता नसेल तर साध्या पाकिटातली नोट केव्हाही चांगली. फक्त ते पाकीट नवरीच्या हातात द्या. टेबलावर दिलेले पाकीट कोणाच्या खिशात जाते हे तिला कळतही नाही.

साधेपणाने लग्न करणे ही आपल्याकडे आज निघालेली टूम नव्हे. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा हा विवाह सावित्रीबाई फुल्यांनी पुढाकार घेऊन, भटजीशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात लावला. बाबासाहेब आणि रमाई यांचे लग्न तर भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री संपून गाळे रिकामे झाल्यावर रात्री लागले. बसायला बाजारातलेच दगडी ओटे होते.

आधी विचारा

भेट देण्यापूर्वी विचारावे, ही साधी गोष्ट आपल्याकडे अवघड होऊन बसली आहे. विचारले तर उत्तर ठरलेले.

'काय आणू वो बाई तुले?'

'काही नको मामी, तुम्ही या म्हणजे झालं.'

तिचेही बरोबर आहे. लग्नाची मुलगी तोंडाने कशी मागणार? म्हणून प्रश्न फिरवून विचारावा. 'तुह्याजवळ कुकर हाये का?' याला हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे असते, आणि ते ती देते. तिच्या मोठ्या बहिणीला विचारा, तिच्या मैत्रिणीला विचारा. वराकडच्या वहिनीला विचारले तर आणखी चांगले, कारण त्या घरात काय आहे नि काय नाही हे तिला पक्के माहीत असते. आणि दोन्ही घरांतल्या एखाद्या जाणत्या बाईने 'कोण काय देणार' याची चिठ्ठी ठेवली, तर सात घड्याळांची भानगडच उरत नाही.

जोडपे राहणार कुठे, हा पहिला प्रश्न. आपली कितीतरी मुले आज पुण्याकडे चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आहेत. लग्न आटोपले की आठ दिवसांत नवरा-नवरी ट्रॅव्हल्सने निघतात आणि भाड्याच्या एका खोलीत संसार मांडतात. त्यांना ड्रेसिंग टेबल देऊन काय उपयोग? ते सासूच्या घरी धूळ खात पडते. अशांना हलके आणि पहिल्या रात्रीच लागेल असे द्यावे. कुकर, तवा, दोन गंज, सोलापुरी चादरी. एक चांगली मजबूत बॅग जरी दिली तरी ती वर्षानुवर्षे कामी येते. त्यांच्या हातात खोलीच्या आगाऊ भाड्याचे पैसे दिलेत तर ते तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत.

जे गावातच राहणार त्यांची गरज निराळी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि टिनाखाली दुपारी माणूस भाजून निघतो. एकट्याला कुलर झेपत नाही. पण समजा वीस घरांनी प्रत्येकी अडीचशे काढले, तर पाच हजार होतात. त्यात कुलर येतो, किंवा थोडी भर घालून शिलाई मशीन येते. बचत गटाच्या बायांनी, तरुण मंडळाच्या पोरांनी अशी वर्गणी केली तर वीस कपबशांच्या ऐवजी घरात एक कमावती वस्तू येते. मशीन घेण्यापूर्वी नवरीला शिवता येते का, निदान शिकायची हौस आहे का, हे विचारून घ्या. नाहीतर त्याच्यावर कपड्यांचा ढीग ठेवतात.

भूमिहीन घरातल्या जोडप्याला बकरी द्यायला काय हरकत आहे? हसू नका. आपल्या वऱ्हाडातली बेरारी जातीची बकरी इथल्या उन्हाला आणि चाऱ्याला सरावलेली आहे. एक गाभण बकरी मामाने भाचीला दिली तर वर्षभरात तिच्या दारात दोन-तीन जीव उभे राहतात, आणि अडचणीच्या दिवशी सावकाराऐवजी बकरी विकता येते. कागदात गुंडाळता येत नाही, एवढाच काय तो दोष.

आणखी एक भेट आम्ही सुचवणार आहोत, ती कोणाला विचित्र वाटेल. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. फवारणी कोण करतो? बहुतेक ठिकाणी आपलीच पोरे, रोजीने. उघड्या अंगाने, तोंडाला फडके बांधून. नवरदेव फवारणीला जाणारा असेल तर मित्रांनी मिळून त्याला फवारणीचा पूर्ण संच द्यावा. तोंडावरचा चांगला मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, अंगभर झगा, गमबूट. मांडवात तो उघडून दाखवण्यासारखा नाही, पण ऑगस्टमध्ये त्याची बायको तुम्हाला दुवा देईल.

विम्याचेही असेच आहे. लग्नात मरणाचे नाव काढू नये, असे म्हणणारे भेटतील. पण ज्या जिल्ह्यात पंचविशी-तिशीतल्या विधवा गावोगाव आहेत तिथे हे बोलायचे नाही तर कुठे? प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे. वय १८ ते ५० असेल आणि बँकेत किंवा पोस्टात खाते असेल तर तो विमा काढता येतो आणि त्याचे संरक्षण २ लाखांचे असते. अपघाताच्या सुरक्षा विमा योजनेचा हप्ता तर वर्षाला २० रुपये आहे. दोघांचा पहिल्या वर्षाचा हप्ता भरून देणे ही हजाराच्या आतली भेट झाली. मात्र पुढल्या वर्षी खात्यात पैसे ठेवायला त्यांना बजावून सांगा. लग्नापूर्वी काढलेला विमा वा बँकेचे खाते असेल तर तिथे वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे तेही पाहायला लावा. बहुधा आईचे किंवा भावाचे असते आणि तसेच राहून जाते.

पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते, मुदत ५ वर्षांची. आत्या किंवा मावशीने नवरीच्या नावाने ती उघडून पहिले काही हप्ते भरावेत आणि पासबुक तिच्या हातात द्यावे. ज्यांच्याकडे पैसाच नाही त्यांनीही मागे सरू नये. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाहनोंदणीसाठी जोडप्याबरोबर जा, साक्षीदार व्हा, दाखला काढून द्या. रेशन कार्डावर नाव चढवण्यापासून पुढे पन्नास कामांना तो कागद लागतो, आणि नव्या नवरीला कचेरीची पायरी माहीत नसते. झाडाचे रोप देण्याची पद्धतही चांगली आहे, पण मेच्या उन्हात दिलेले रोप जूनपर्यंत जगत नाही. पाऊस पडू द्या, मग घेऊन जा.

दोन याद्या

आता आहेराच्या त्या वहीकडे पुन्हा वळू, कारण आमच्या मते तिच्यात एक मोठी गोष्ट दडली आहे.

मांडवात वर पाच प्रतिज्ञा घेतो. पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी प्रामाणिक राहीन, तिला घरचे ऐश्वर्य देईन, तिला अलंकार देईन. या प्रतिज्ञा सिगालोवाद सुत्तातून आल्या आहेत. राजगृहाजवळ तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली, त्यातली ही. चौथ्या प्रतिज्ञेतल्या पाली शब्दांचा अर्थ घरचा अधिकार तिच्या हाती सोपविणे असा आहे. म्हणजे घरात आलेली वस्तू कोणाची, ती कोणी वापरावी नि कोणी विकावी, यात तिचा शब्द चालला पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? आंदण आले, आहेर आला, सगळे सासूच्या कोठीत गेले. सारे सुरळीत असेपर्यंत कोणी विचारत नाही. पण नवरा वारला, किंवा त्याने तिला माहेरी आणून सोडले, की ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडते. तिच्या मामाने दिलेली आलमारी, मैत्रिणींनी दिलेली मशीन, सगळे तिथेच. मागायला गेली तर म्हणतात, 'हे तुझं कशावरून?'

कशावरून, याचे उत्तर कायद्याने चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे-घेणे-मागणे गुन्हा ठरवले. न मागता, आपखुशीने दिलेल्या भेटींना त्यातून मोकळीक आहे, पण त्यांची यादी झाली पाहिजे अशी अट आहे. यादी कशी करायची याचे नियम १९८५ साली झाले आणि त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून लागू झाले. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. यादी लेखी हवी, लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर केलेली. त्यात वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि तो नात्यातला असेल तर नाते लिहायचे. दोन्ही याद्यांवर वधू आणि वर दोघांनी सही करायची. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा आणि वाचून दाखवणाऱ्यानेही सही करायची. वकील लागत नाही, दोन कोरे कागद पुरतात. भेटी मागून घेतलेल्या असतील तर मात्र अशा यादीने हुंडा धुतला जात नाही, हे मुलाकडच्यांनी ध्यानात ठेवावे.

१९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन हे त्या स्त्रीच्याच मालकीचे राहते. सासरच्यांकडे ते ठेवायला दिले म्हणून त्यांचे होत नाही, आणि दाबून ठेवले तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. त्याच्याही आधी, १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यातली तिची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलातून हे कायदे निघाले ते अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडले, हे आपण दर जयंतीला भाषणात ऐकतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी असताना, बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये. मग आपल्याच मांडवात तिच्या नावाची एक यादी व्हायला काय अडते?

वही तर आपण ठेवतोच. लिहिणारा पोरगाही बसलेलाच असतो. त्याला एवढेच सांगायचे की डाव्या पानावर नवरीचे लिही, उजव्या पानावर नवरदेवाचे. देणाऱ्यानेही टेबलावर स्पष्ट सांगावे, 'हे पोरीले हाये.' संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर बौद्धाचार्यांनी किंवा गावातल्या शिक्षकाने ती दोन पाने वाचून दाखवावीत, सह्या घ्याव्यात, मोबाईलवर फोटो काढावा. एक प्रत मुलीच्या आईकडे ठेवावी. मुलाकडचे म्हणतील, 'आमच्यावर विश्वास नाही का?' त्यांना शांतपणे सांगावे की यादी दोघांचीही होते आहे, मुलाच्या वस्तूही त्यात आहेत. ज्याच्या मनात काही नाही त्याला सही करायला जड जात नाही.

भांड्यांवर नाव टाकण्याची आपली रीतही याच कामाला लावता येते. स्टीलचा गुंड घेतला की दुकानदार मशीनने त्यावर नाव कोरून देतो. आपण कोरून घेतो ते देणाऱ्याचे, 'सप्रेम भेट, अमुक यांच्याकडून'. त्या गुंडाने पाणी भरणार नवरी आणि नाव मात्र मावसकाकांचे! नवरीचे नाव टाका, खाली तारीख टाका. देणारा कोण हे ती विसरत नाही.

शेवटी एका लग्नाविषयी, ज्याला पाहुणे कमी येतात. विधवेचे किंवा टाकलेल्या बाईचे पुन्हा लग्न होते तेव्हा पन्नास माणसांत विहारात उरकतात आणि आहेर कोणी आणत नाही. 'दुसऱ्यांदा काय आहेर?' असे आपलेच लोक बोलतात. खरे तर तिच्याच पहिल्या आहेरातला चमचाही तिच्याजवळ उरलेला नसतो. अशा लग्नाला जाताना हात रिकामा ठेवू नका, पहिल्या लग्नाला दिले असेल त्यापेक्षा थोडे जास्तच न्या. तिच्यासोबत लेकरू असेल तर त्याच्यासाठी दप्तर, वह्या, पायात घालायला चप्पल घ्या. नव्या घरात ते बिचकलेले असते आणि मांडवात त्याच्याकडे कोणी पाहत नसते. त्याचे नाव आधी विचारून ठेवा आणि पाकिटावर तेच लिहा.